वाघ्याच्या काखेतला पारा

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर आधी नीट धरा. मी काचेचा आहे, वयानं उतरलेला आहे आणि माझ्या पोटात पारा आहे. मी फुटलो तर तो बारीक बारीक गोळ्या होऊन पळत सुटतो. त्याला बोट लावायचं नाही, तो विषारी असतो. एवढं सांगून ठेवतो, मग पुढचं ऐका.

शाळेच्या पुस्तकात मला तापमापक म्हणतात, पण त्या नावानं मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. मी एक जुना थर्मामीटर. स्वभाव विचाराल, तर उतावळा. मला स्वस्थ म्हणून बसवत नाही. जरा कुठं ऊब लागली की मी निघालोच वर! आणि माझी गोची अशी, की मला चढता येतं, पण आपलं आपण उतरता येत नाही. माझ्या गळ्यापाशी नळी मुद्दाम अरुंद केली आहे. त्यामुळे शेवटच्या माणसाचा ताप घेऊन मी तिथंच अडकून बसतो. कोणीतरी मनगटाला झटका देऊन मला खाली आणलं, की सुटलो.

जन्मलो मी एका काचेच्या कारखान्यात. तापलेली काच ओढून ओढून केसाएवढं बारीक भोक असलेली नळी केली, पारा भरला, तोंड बंद केलं. मग कोमट पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली आणि अंगावर रेघा मारल्या. तिथून आलो तो थेट कर्जतच्या बाजारात, एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर. काय दिवस होते ते! भाताचे व्यापारी, घाटात रुळांची कामं करणारे गँगमन, शाळा बुडवायला तापाचं सोंग आणणारी कार्टी, सगळ्यांची काख मला पाठ होती. मलेरियाचा माणूस असा कुडकुडायचा की मी घसरून सदऱ्यात पडायचो. टायफॉइडवाला मऊ, गळून गेलेला. पोरं चुळबुळ करायची. "पारा काय म्हणतो?" असं डॉक्टर विचारायचे आणि सगळं घर माझ्याकडे बघत राहायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता.

मग ती करोनाची साथ आली आणि कपाळावर रोखायची पिस्तुलं आली. न शिवता ताप सांगतात म्हणे! मला ड्रॉवरमध्ये टाकून दिलं, वाळलेल्या शिक्क्यांच्या शेजारी. माझ्यासारख्या चळवळ्या जिवाला ती शिक्षा कशी वाटली असेल, कल्पना करा. पुढं डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा तिथं झाडलोट करणाऱ्या मालनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हा मला द्या. फेकू नका."

मालनबाई आता खालापूरच्या बाजूला एका गावात आशाताई आहेत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालायला झपाट्याच्या. त्यांच्या सरकारी पेटीत माझा एक डिजिटल भाऊ आहे, पण त्याची बॅटरी ऐनवेळी मान टाकते. मग मीच. त्यांच्या पिशवीत हिंदकळत मी पुन्हा गावोगाव फिरायला लागलो आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या गावाच्या बाहेर वीटभट्टी आहे. पळसदरीच्या वर, ठाकुरवाडीच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथली माणसं पावसाळा सरला की खाली येऊन या भट्टीवर खोपी बांधून राहतात. त्यात जना होती आणि तिचा विशीतला मुलगा वाघ्या. नवरा वारलेला. मायलेक दोघं मिळून विटा पाडायची.

वाघ्याबद्दलची एक गोष्ट मला पुढं दवाखान्यात कळली, पण तुमचा घोटाळा होऊ नये म्हणून आत्ताच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी वाघ्याला आवाज ऐकू यायला लागले होते. आसपास कोणी नसताना दोन माणसं कानाशी बोलायची, त्याच्यावर हसायची, त्याला शिव्या घालायची. त्यानं झोप टाकली, जेवण टाकलं. आईनं पाणी दिलं तरी त्यात काही घातलंय म्हणून ओतून द्यायचा. वाडीत म्हणाले, बाहेरचं लागलंय. भगत झाला, नारळ झाले. शेवटी एका शिबिरातल्या डॉक्टरनं गोळ्या चालू केल्या आणि ते आवाज गप्प बसले. पोरगा हसायला लागला, विटा पाडायला लागला. "एक दिवससुद्धा गोळी चुकवायची नाही," असं त्या डॉक्टरनं बजावलं होतं आणि जनानं ते देवाच्या शब्दासारखं धरलं होतं. मात्र भट्टीवर तिनं याचा चकार शब्द काढला नाही. मुकादमाला कळलं असतं, तर वेडं पोरगं आगीपाशी नको म्हणून त्यानं दोघांना घालवलं असतं. मालनबाईंनाही तिनं सांगितलं नव्हतं.

शिमग्याला सगळी भट्टी मोकळी होते. माणसं आपापल्या वाडीवर जातात, होळी लावतात, नाचतात. जना आणि वाघ्याही गेले. आणि गोळ्या राहिल्या खोपीत, डब्यात! आठवडाभर वाघ्याला गोळी नाही. परत आले तोवर कानाशी पुन्हा कुजबुज सुरू झाली होती.

आता तिनं काय केलं बघा. भट्टीवर एक रिवाज असतो. कामावर खाडा झाला, म्हणजे दिवस बुडला, की पुढच्या दिवसांत दुप्पट हात मारून तो भरून काढायचा. जनानं जन्मभर असेच खाडे भरले होते. दुखणं असो, बाळंतपण असो, भरले. तेव्हा गोळ्यांचेही खाडे तिनं भरायला घेतले. एकीच्या जागी दोन, मग तीन. दुपारी कधी गोळी नव्हती, ती दुपारीही द्यायला लागली. वर ते उन्हाचे दिवस, भट्टीची धग, आणि वाघ्याला पाणी प्यायचीही शुद्ध राहिली नव्हती.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या खोपीतली बाई मालनबाईंकडं धावत आली. "चला वो, जनाचा पोरगा तापानं फणफणलाय." आम्ही गेलो. वाघ्या गोधडीवर उताणा पडला होता. डोळे उघडे, पण बघणं कुठंच नाही. घामानं गोधडी भिजलेली. मालनबाईंनी मला झटकून खाली आणलं आणि त्याचा हात उचलायला गेल्या.

हात उचलेचना!

मित्रांनो, मी हजारो काखा पाहिल्या असतील, पण अशी पाहिली नव्हती. दंड बरगडीला घट्ट चिकटलेला, कोपर वाकलेलं आणि सगळं लोखंडी नळासारखं ताठ. मालनबाईंनी जोर लावला तेव्हा कुठं मला आत सरकवता आलं. आत गेलो तर मला वाटलं, आता चिरडतो. आणि ती आग! मी वर धावत सुटलो. शंभर गेलं, एकशेदोन गेलं, एकशेचार. थांबायचं नाव नाही. मालनबाईंचा चेहरा उतरला.

"ऊन लागलंय गं याला," त्या म्हणाल्या. "फडकी ओली कर. तापाची गोळी आहे माझ्याकडे, ती देऊ."

त्या पाणी आणायला हापशावर गेल्या. मी काखेतच होतो. जनानं इकडंतिकडं बघितलं, डब्यातून गोळ्या काढल्या, दगडानं ठेचल्या, चमच्यात पाणी घालून कालवल्या आणि वाघ्याच्या मिटलेल्या दातांच्या फटीतून आत सोडायला लागली. "घे रं माज्या सोन्या. चुकवायची नाय. घे." अर्ध्या गालावरून ओघळल्या, अर्ध्या गेल्या.

तेव्हा त्या गोळ्या कसल्या, हे मला माहीत नव्हतं. पण ती लपवून देतेय एवढं कळत होतं आणि माझा नुसता जीव तळमळत होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं, "मालनबाई, मागं बघा! ही काहीतरी देतेय!" पण माझ्याकडं बोली एकच, आकडा. तो मी आणखी वर नेला. त्याहून मी काय करणार होतो?

तापाची गोळी कशीबशी पोटात घातली, फडकी बदलली, वारा घातला. मला पुन्हा लावलं. पारा तसूभर खाली नाही, उलट वरच. मालनबाईंनी मग वेळ दवडला नाही. भाच्याला फोन लावला. "मिलिंद, टेंपो घेऊन ये. लगेच. जेवण राहू दे तुझं!"

मिलिंद आला. चौघांनी वाघ्याला उचललं, तेव्हा तो मधे वाकेना. फळी उचलावी तसा उचलावा लागला. जना बाजूला बसली, एक हात त्याच्या छातीवर आणि दुसरा कनवटीला. कनवटीला काय आहे ते मला ठाऊक होतं. टेंपो खडबडत कर्जतच्या दिशेनं निघाला. मी मालनबाईंच्या उघड्या पिशवीत, एकशेपाचच्या वर अडकलेला. मला खाली झटकायचंही कोणाला भान नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर तेजश्री होत्या. तरुण, बोलायला मऊ, पण नजर तीक्ष्ण. वाघ्याला खाटेवर घेतलं. त्यांच्या यंत्रांनी त्याचा ताप सांगितला, नाडी सांगितली, ती घोड्यासारखी उधळलेली. रक्तदाब घटकेत चढत होता, घटकेत उतरत होता. डॉक्टरांनी त्याचं कोपर धरून वाकवून पाहिलं, मग गुडघा. कपाळाला आठी पडली.

"मावशी, याला कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाय," जना म्हणाली.

"नीट आठवा. झोपेच्या, डोक्याच्या, कसल्याही?"

"नाय वो. कायच नाय."

दारात मिलिंद होता, भट्टीवरचे दोघं होते. त्यांच्यासमोर ती कशी सांगणार? मी पिशवीत नुसता धुमसत होतो. अगं बाई, सांग ना! पोरगा चाललाय तुझा! डॉक्टरांनी मलेरियाचं रक्त काढलं, मेंदूच्या तापाचं बोलायला लागल्या, पाठीतलं पाणी काढावं लागेल म्हणाल्या. मला कळत होतं, त्या चुकीच्या वाटेला निघाल्या आहेत.

आणि मग जे झालं, ते मी कधी विसरणार नाही. दुपार झाली. जनानं दाराबाहेरच्या उन्हाकडं बघितलं. तिची चुळबुळ सुरू झाली. शेवटी ती उठली, डॉक्टरांच्या अगदी कानाशी गेली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाय, याची दुपारची गोळी ऱ्हाइली. देऊ का? चुकवायची नाय आसं सांगितलंय."

डॉक्टर जागच्या जागी थबकल्या. "कुठली गोळी?"

जनानं कनवटीची पुडी सोडली. डॉक्टरांनी चमकत्या पट्टीवरचं नाव वाचलं आणि पट्टी हातातच ठेवली. "किती देत होता?"

"खाडे झालते. शिमग्याला. ते भरीत व्हते."

"ही आता द्यायची नाही. एकही नाही. समजलं?" डॉक्टरांचा आवाज चढला. लगेच त्यांनी तो खाली आणला आणि जनाच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, बरं केलंत सांगितलंत. फार बरं केलंत."

मग एकच धावपळ. सलाइन लागली. अंगाला बर्फाच्या पिशव्या, पंखे. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती, ती तपासायला पाठवली. स्नायू सैल करायचं औषध आलं. श्वास अडला तर म्हणून यंत्र उशाशी आणून ठेवलं. जना दाराबाहेर भिंतीला टेकून बसली. मालनबाई तिच्या शेजारी. मी पिशवीत अस्वस्थ. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि आकडा दिसत नसला की मला वेड लागायची पाळी येते.

कितीतरी दिवस तसेच गेले. ताप आधी हटेना, मग हळूहळू उतरायला लागला. एका सकाळी वाघ्यानं पाणी मागितलं आणि जना दवाखान्याच्या फरशीवर बसून मोठ्यांदा रडली.

त्यानंतर डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं. मालनबाई ऐकत होत्या, मीही ऐकत होतो. ते तुम्हीही ऐका, कारण ते कळल्यापासून मला माझ्याच तापाची नवी ओळख झाली.

आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी असतात. त्या एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप नेणारी रसायनं असतात, त्यातल्या एकाचं नाव डोपामाइन. एका पेशीतून ते निघतं आणि दुसरीच्या दारावर थाप मारतं, की निरोप पोचला. वाघ्याच्या मेंदूच्या एका भागात या निरोपांची फार गर्दी उडाली होती. डॉक्टर म्हणाल्या, त्याच्या आजारात अनेक कारणं असतात, सगळी अजून कळलेली नाहीत, पण ही गर्दी त्यातली एक. म्हणून नसलेले आवाज खरे वाटतात. गोळी काय करते? त्या दारांत जाऊन बसते. काही दारं बंद झाली, की गर्दी कमी होते आणि आवाज गप्प होतात.

"पण मावशी, गोळीला पत्ता कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती सगळ्या मेंदूत फिरते. हेच डोपामाइन दुसऱ्या भागात हातपाय सैल ठेवतं, तिसऱ्या भागात अंगाची ऊब सांभाळतं. एकदम फार दारं लागली, की सगळीकडचे निरोप अडतात. मग स्नायू आखडतात. आखडलेले स्नायू भट्टीसारखी उष्णता काढतात. आणि ती बाहेर टाका असं सांगणारा जो मेंदूतला भाग, त्याचंही दार बंद! स्नायू झिजून रक्तात उतरतात, मूत्रपिंडं तुंबतात. असं क्वचित होतं, पण झालं की माणूस जातो."

म्हणजे बघा! इतर तापांत शरीर स्वतःच ऊब वाढवतं, जंतूशी भांडायला. म्हणून तापाची गोळी तिथं चालते. वाघ्याचा ताप तसला नव्हताच. म्हणून फडकी हरली, गोळी हरली आणि मी वेड्यासारखा वर धावत राहिलो.

"मंजे मीच मारत व्हते माज्या पोराला," जना म्हणाली.

"नाही. नेमका डोस देऊनही एखाद्याला हे होतं. ऊन होतं, अंगातलं पाणी आटलं होतं, त्यात गोळ्या एकदम वाढल्या. तुम्ही तर सांगून त्याला वाचवलंत."

"पर खाडा? तो मंग भरायचा कसा?"

"भरायचाच नसतो, मावशी. शरीर हजेरी मांडत नाही. चुकली तर चुकली, मला येऊन विचारायचं आणि सांगेन तशी पुढं चालू करायची."

इथं गोष्ट गोड झाली असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, आजार कुठं गेला होता? जनानं डब्यात उरलेल्या जुन्या गोळ्या चुलीत घातल्या आणि शपथ घेतली, पुन्हा पोराच्या तोंडात असलं काही घालणार नाही. डॉक्टरांनीही काही आठवडे शरीर निवू द्या म्हणून थांबायलाच सांगितलं होतं. त्या मुदतीत वाघ्याच्या कानाशी ती दोन माणसं परत आली. तो खोपीच्या कोपऱ्यात कान दाबून बसायला लागला.

मुदत संपल्यावर डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं. दारांत जरा सैल बसणारं, अगदी थोडं. मालनबाई ते घेऊन खोपीवर आल्या, आणि मला जनाच्या हातात दिलं. जनानं गोळी बघितली आणि पुडी दूर सारली.

"मी नाय देनार. माज्या हातानं मेला आसता त्यो."

"जने, आता आपण रोज बघू," मालनबाई म्हणाल्या. "ताप बघू, हात वाकतो का बघू. काही वाटलं की मिलिंदला फोन."

"नाय म्हंजे नाय!"

तेव्हा कोपऱ्यातून वाघ्या उठला. सावकाश चालत आला. पाय अजून अशक्त होते. तो आईसमोर बसला.

"आये, ती रोज बोलतात. तुजंच नाव घेऊन बोलतात. तू मला मारनार हायस आसं सांगतात." त्याचे डोळे भरले. "मला ठावं हाय ते खोटं हाय. पर उद्या खरं वाटंल. त्याच्या आधी दे."

जनानं दूर सारलेली पुडी पुन्हा जवळ ओढली. मग तिनं गोळी काढली. एक. त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्यानं ती आपल्या हातानं तोंडात टाकली. त्यानंतर ती मला घेऊन दिवसभर त्याच्या अंगाशी बसून राहिली, आणि मी, जन्माचा उतावळा, त्या दिवशी एका रेघेवर गुमान थांबलो.

आता मी जनाकडेच असतो. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण निरोगी अंगाच्या उबेपाशी माझ्यावर जो लाल बाण काढलाय, त्याच्या वर पारा गेला की तिला कळतं. रोज सकाळी ती एक गोळी देते, मला लावते, मग त्याचं कोपर वाकवून बघते. वाघ्या चिडतो, "आये, किती येळा!" ती ऐकत नाही. ते आवाज पुरते गेलेले नाहीत, पण लांब गेले आहेत.

मित्रांनो, मला सांभाळा, फोडू नका, हे मी सांगणारच होतो. पण त्याहून मोठं मागणं आहे. मनाच्या आजाराची गोळी कोणी घेत असेल तर त्याला हसू नका. ती त्यानं स्वतःहून सोडू नये, वाढवूही नये. अशा माणसाला ताप चढला आणि अंग ताठलं, तर ऊन लागलं म्हणून घरी बसू नका, गाडी बोलवा. आणि डॉक्टरांनी विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत का?", तर दारात कोण उभं आहे ते बघत बसू नका. सांगून टाका. मी त्या दिवशी काखेत होतो, सगळं बघत होतो, आणि मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.